गोव्यात घर नवऱ्याच्या नावावर, म्हणून मृत्युपत्र त्याच्या मर्जीनं? नाही हो

डिचोलीपासून काणकोणापर्यंत सगळीकडे ऐकू येतं, घर बाबांच्या नावावर आहे ना, मग ते मृत्युपत्र करून एकाच मुलाला देऊ शकतात. साफ चूक. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर गोव्यात नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, म्हणजे कागदावर एकट्याचं नाव असलं तरी अर्धी बायकोचीच, आणि ती त्याच्या मृत्युपत्रात येतच नाही. उरलेल्या अर्ध्यातलाही अर्धा मुलांसाठी राखीव, मुलगे-मुली सगळे सारखे!

समजा घर 40 लाखांचं. 20 लाख आईचे, 10 मुलांचे राखीव, बाबांच्या हातात उरतात फक्त 10. लग्न झालेल्या मुलीला ‘तुझा हक्क संपला’ सांगून सह्या घेतात ते बघून खरंच वाईट वाटतं, सही करण्याआधी वकिलाला दाखवा प्लीज.

आणि पोर्तुगीज गेले तसा त्यांचा कायदाही गेला असं नाही, 1962 च्या कायद्यानं जुने कायदे चालू ठेवले, वारसाचं आता गोव्याच्या 2012 च्या कायद्यात आहे. मुंबईत फ्लॅट घेतला म्हणूनही सुटका नाही, गोवेकराच्या राज्याबाहेरच्या मालमत्तेलाही गोव्याचाच वारसा कायदा लागतो असं सुप्रीम कोर्टानं 2019 मध्ये सांगितलंय.