गाडी नवी, अर्थिंग जुनं

इलेक्ट्रिक गाडी दारात आली की शेजारीपाजारी आधी रेंज विचारतात आणि मग बॅटरी पेट घेते का ते. ज्या सॉकेटला ही गाडी रोज रात्रभर जोडलेली राहणार, त्या सॉकेटची चौकशी मात्र फारसं कोणी करत नाही. खरं तर मालकाच्या हातात असलेल्या सुरक्षिततेचा मोठा भाग गाडीत नाहीच, तो घराच्या वायरिंगमध्ये आहे. बॅटरीतल्या सेलचं व्होल्टेज आणि पॅकचं तापमान यावर बीएमएस म्हणजे बॅटरीची देखरेख करणारा संगणक सतत नजर ठेवून असतो. काही बिघडलं तर तो क्षणात पुरवठा तोडतो. भिंतीतल्या सॉकेटच्या पितळी पट्ट्यांवर अशी नजर ठेवणारं कोणी नसतं.

हिशेब साधा आहे. २०२० साली आलेल्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरी ३०.२ किलोवॅट-तासांची, म्हणजे साधारण तीस युनिटची. घरातल्या १५ अँपिअरच्या सॉकेटमधून सुमारे ३ किलोवॅट मिळतात, म्हणजे रिकामी बॅटरी भरायला दहा तास किंवा थोडे जास्तच लागतात. गीझरही दोन-तीन किलोवॅटच ओढतो, पण पाणी तापलं की पंधरा-वीस मिनिटांत त्याचा थर्मोस्टॅट बंद होतो. गाडी मात्र १३ अँपिअर सलग रात्रभर ओढत राहते. घरातलं दुसरं कोणतंही उपकरण त्या पॉइंटची एवढी परीक्षा घेत नाही.

आता सॉकेटच्या आत काय होतं ते पाहू. प्लगची पिन दोन पितळी पट्ट्यांमध्ये दाबून बसते. पट्टीची स्प्रिंग सैल झाली, तिच्यावर काळपट थर चढला किंवा मागचा स्क्रू नीट आवळलेला नसला की त्या सांध्याचा रोध वाढतो. तो फक्त एक दशांश ओहम झाला असं धरा. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे १३ गुणिले १३ गुणिले ०.१, जवळजवळ १७ वॅट. घरगुती सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं आणि त्याच्या टोकाला कथील वितळतं. जवळपास तेवढीच आच वाटाण्याएवढ्या जागेत, प्लॅस्टिकच्या डबीत, पहाटेपर्यंत कोंडून राहते. पट्टी तापली की स्प्रिंग आणखी ढिली पडते, रोध आणखी वाढतो आणि हे चक्र वेग घेतं. एमसीबी, म्हणजे करंट मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारा स्विच, इथे काहीच करत नाही, कारण करंट मर्यादेतच असतो.

त्याच्या खुणा मात्र आधीपासून दिसतात. सॉकेटच्या भोकाभोवती तपकिरी कडा येते, पिनेवर निळसर-काळी झाक दिसते, चार्जिंग सुरू असताना जळक्या बेकेलाइटचा उग्र वास येतो. चार्जिंगला तासभर झाला की कोरड्या हाताची मागची बाजू प्लगच्या प्लॅस्टिकला लावून पाहावी. कोमट लागलं तर ठीक, चटका बसला तर एमसीबी पाडून चार्जिंग थांबवावं आणि तो सॉकेट बदलून घ्यावा. एक्स्टेन्शन बोर्ड या कामाला कधीच वापरू नये. गुंडाळी केलेल्या वायरची उष्णता तर बाहेरही पडत नाही.

वायरमनला बोलवाल तेव्हा नेमकं सांगा: डीबीतून, म्हणजे घरातल्या मुख्य वीजपेटीतून, गाडीसाठी स्वतंत्र लाइन, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, तिला स्वतःचा एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. यातला आरसीसीबी लोक सर्रास गाळतात, कारण एमसीबी आहे म्हणजे झालं, असं त्यांना वाटतं. दोघांची कामं वेगळी आहेत. एमसीबी वायरला वाचवतो, आरसीसीबी माणसाला. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो की नाही हे आरसीसीबी मोजत असतो, आणि ३० मिलिअँपिअर कुठे दुसरीकडे वाहून गेले तर पुरवठा तोडतो. ओल्या माणसाच्या शरीराचा रोध साधारण एक हजार ओहम धरला, तर २३० व्होल्टला त्याच्यातून २३० मिलिअँपिअर जाऊ शकतात. हृदयाची लय बिघडायला याहून खूप कमी पुरतात. आरसीसीबी 'ए' टाइपचा मागावा. गाडीच्या चार्जरमधून थोडा डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा करंट, गळला तर साधा 'एसी' टाइपचा आरसीसीबी आंधळा होऊ शकतो.

आता अर्थिंग, म्हणजे गळलेला करंट जमिनीत उतरवणारी वायर आणि तिचा खड्डा. त्यासाठीच मी हा लेख लिहायला घेतला.

गाडीसोबत मिळणाऱ्या केबलच्या मध्ये जो डबा असतो त्याला आपण चार्जर म्हणतो. पण खरा चार्जर, म्हणजे एसीचा डीसी करणारा, गाडीच्या आत असतो. हा डबा म्हणजे एक चौकस पहारेकरी. अर्थिंग आहे का ते तो तपासतो आणि गाडीशी एका छोट्या सिग्नलने बोलतो. गाडीने 'जोडणी नीट झाली' असं कळवल्यावरच आतले रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, जोडतो. केबलच्या टोकाला गाडीत खुपसायची जी गन असते, तिच्यातली अर्थिंगची पिन सर्वांत आधी टेकते, सिग्नलची पिन सर्वांत शेवटी. म्हणून भुरभुर पावसात गन लावताना तिच्या पिनांमध्ये वीज नसतेच.

जुन्या वाड्यात, चाळीत किंवा गावच्या घरात हा डबा पुष्कळदा लाल दिवा दाखवून अडून बसतो, कारण सॉकेटचं तिसरं भोक नुसतंच भोक असतं, मागे वायरच नसते. अशा वेळी कोणीतरी 'जुगाड' सुचवतो: सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थ एका तुकड्याने जोडून टाका. हेच काम करणारे तयार प्लगही मिळतात. दिवा हिरवा होतो, गाडी चार्ज होऊ लागते, सगळे खूश.

झालंय काय, ते समजून घ्या. गाडीची संपूर्ण बॉडी आता न्यूट्रलला जोडली गेली आहे. पुढे वादळात खांबावरची न्यूट्रल तुटली, किंवा मीटरजवळचा सांधा सुटला, तर घरातला फ्रिज, पंखे, दिवे यांच्यातून फेज घरच्या न्यूट्रलवर येतो. तिथून त्या तुकड्यातून तो थेट गाडीच्या पत्र्यावर जातो. गाडी रबरी टायरवर उभी असते, त्यामुळे हा करंट जमिनीत उतरायला वाट नसते. ओल्या अंगणात अनवाणी उभं राहून कोणी दाराचं हँडल धरलं, की ती वाट त्याच्या शरीरातून तयार होते. पहारेकरी डब्याला याचा पत्ताही लागत नाही, कारण तो स्वतःमधून जाणाऱ्या फेज आणि न्यूट्रलचा फरक मोजतो आणि हा करंट त्याला वळसा घालून अर्थच्या वायरने आलेला असतो. सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटसुलट जोडलेले असतील, आणि जुन्या घरांत असतातच, तर न्यूट्रल तुटायचीही गरज नाही. तुकडा जोडल्या क्षणी पत्र्यावर फेज. ज्यांच्या घरी असा जुगाड केलेला आहे त्यांनी तो आजच काढावा. पक्कं अर्थिंग होईपर्यंत गाडी बाहेर चार्ज करावी, थोडा खर्च झाला तरी चालेल.

अर्थिंग आहे की नाही हे नुसत्या मल्टीमीटरने ठरत नाही. मीटर नगण्य करंट घेतो, त्यामुळे गंजून तुटायला आलेल्या वायरवरही तो फेज आणि अर्थमध्ये बिनदिक्कत २३० व्होल्ट दाखवतो. परवानाधारक वायरमनकडून अर्थ टेस्टरने खड्ड्याचा रोध मोजून घ्यावा. महाराष्ट्रात हा विषय जास्त नाजूक आहे, कारण आपल्याकडे घाटावर थोडं खणलं की काळा कातळ लागतो आणि कोकणात जांभा. दोन्हींतून करंट सहज उतरत नाही. त्यात मे महिन्यात जमीन सुकली की पावसाळ्यात चांगला असलेला खड्डाही कुचकामी होतो. मीठ-कोळसा घातलेल्या जुन्या पद्धतीच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी ओतायचा जो रिवाज आहे, त्यामागे हेच शास्त्र आहे. तो चालू ठेवावा. ज्या डब्याने जानेवारीत मुकाट्याने चार्ज केलं तो मेमध्ये कुरकुरू लागला, तर दोष डब्याला देऊ नका. आधी खड्डा पाहा.

गाडीकडे वळू. मोठी बॅटरी ८० टक्के भरलेली असतानाही एखाद्या सकाळी गाडी 'रेडी' होत नाही, स्क्रीन लुकलुकते आणि गप्प होते. मालक घाबरतो. बहुतेक वेळा कारण असतं ती बॉनेटखालची जुन्या ओळखीची १२ व्होल्टची बॅटरी. मोठ्या बॅटरीचे ३०० ते ४०० व्होल्ट गाडीत सोडणारे जाडजूड रिले उघडझाप करायला या छोट्या बॅटरीचीच ताकद लागते. ती मेली की मोठीचं दार उघडायला कोणी उरत नाही. शास्त्रीय दृष्ट्या ही फार छान रचना आहे: काही बिघडलं, अपघात झाला, तर रिले आपोआप सुटतात आणि धोक्याचे व्होल्ट पॅकच्या आतच कोंडले जातात. म्हणून १२ व्होल्टची बॅटरी तीन-चार वर्षांची झाली की सर्व्हिसला तपासून घ्यावी. तुमच्या गाडीवरून दुसऱ्याची पेट्रोल गाडी मात्र जंप स्टार्ट करू नका. तिचा स्टार्टर शेकडो अँपिअर मागतो, आणि तुमच्या गाडीतली व्यवस्था तेवढं द्यायला बनवलेलीच नाही.

बॉनेट उघडलंच आहे तर नारिंगी केबल बघून ठेवा. नारिंगी म्हणजे उच्च व्होल्टेज. हात लावायचा नाही, टेप मारायची नाही, उंदराने कुरतडलेली दिसली तर गाडी सुरूसुद्धा करायची नाही. पावसाळ्यात उंदीर उबेला येऊन बसतात, तेव्हा आठवड्यातून एकदा नजर टाकावी. वॉशिंग सेंटरवरच्या पोराला सांगून ठेवा, बॉनेटखाली आणि चार्जिंगच्या झाकणात प्रेशरचा फवारा नको. पंक्चरवाल्यालाही जॅक कुठे लावायचा ते दाखवा: दाराखालच्या ठरलेल्या खाचेतच. गाडीच्या पोटाखाली सपाट दिसतो तो पत्रा नाही, ते बॅटरीचं कवच आहे. गाव-रस्त्यावर दगडाला पोट घासलं तर पुढच्या सर्व्हिसची वाट न बघता लिफ्टवर घेऊन खालून पाहून घ्यावं.

कूलंट कमी दिसला तर नळाचं पाणी ओतू नये. काही गाड्यांत बॅटरीभोवती फिरणारा कूलंट मुद्दाम कमी विद्युतवाहक ठेवलेला असतो, आणि नळाच्या पाण्यातले क्षार तो गुण घालवतात.

ब्रेकचं गणित इथे उलटं आहे. पेट्रोल गाडीत ते वापरून झिजतात, इथे न वापरून बिघडतात. पाय उचलला की मोटरच जनरेटर होऊन गाडी हळू करते, पॅड डिस्कला क्वचितच घासतात. रत्नागिरी, अलिबागसारख्या खाऱ्या दमट हवेत डिस्क गंजते, कॅलिपरच्या पिना अडकतात आणि नेमक्या गरजेच्या वेळी एक चाक कमी धरतं. उपाय सोपा: आठवड्यातून एकदा रीजेन, म्हणजे मोटरने गाडी हळू करण्याची ही सोय, सर्वांत कमी ठेवून मोकळ्या रस्त्यावर थोडा जोरात ब्रेक मारावा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, ते दर दोन वर्षांनी बदलावं, गाडी कितीही कमी चालली तरी.

बॅटरी किती टक्के भरावी यावर फार वाद होतात. उत्तर तिच्या जातीवर आहे. उष्णता आणि भरलेली अवस्था एकत्र आली की सेलमधल्या ग्रॅफाइटवरचा थर जाड होत जातो आणि त्यात लिथियम अडकून कायमचं वाया जातं. निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या बॅटरीला हे जास्त जाणवतं, म्हणून तिला रोज ८० टक्के पुरेत. लोह-फॉस्फेटच्या, म्हणजे एलएफपी बॅटरीचं व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ सपाट असतं. ती नेहमी ८० वरच थांबवली तर किती शिल्लक आहे याचा अंदाज बीएमएसला लागत नाही आणि सेलही समतोल होत नाहीत. तिला मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे अधूनमधून संथ चार्जिंगने १०० पर्यंत न्यावं. चंद्रपूर, अकोल्याच्या उन्हाळ्यात गाडी पूर्ण भरून दुपारी उन्हात उभी करणं दोघींनाही बाधतं. महिनाभर बाहेरगावी जाणार असाल तर निम्मी भरलेली ठेवा.

शेवटी पाणी आणि आग, कारण दोन्ही एकमेकांशी जोडलेली आहेत. बॅटरीवर आयपी ६७ असं लिहिलेलं असतं, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास ठेवून तिची चाचणी झालेली असते. ती चाचणी नव्या पॅकची, स्वच्छ पाण्यातली. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी शिरलं तसा पूर आला, तर गाडी अर्ध्या तासाहून फार जास्त वेळ चिखलपाण्यात राहते. खाडीचं पाणी तर खारं, म्हणजे उत्तम विद्युतवाहक. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत आलेल्या इयन वादळानंतर फ्लोरिडात समुद्राचं पाणी शिरलेल्या काही इलेक्ट्रिक गाड्या पूर ओसरल्यावर पेटल्या. क्षारामुळे आत शॉर्ट तयार होतो आणि गंज हळूहळू वाढत जातो, त्यामुळे पाणी उतरलं म्हणून धोका उतरत नाही. बुडालेली गाडी सुरू करू नये, चार्जिंगला लावू नये आणि ओढूनही नेऊ नये, कारण चाकं फिरली की मोटर वीज तयार करते. फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट पाठीच्या ट्रकवर, घालून न्यावी.

आगीची चाहूल बहुधा आधी लागते: गाडीच्या पोटाखालून पांढरट धूर, फुस्स असा आवाज, फटाके फुटल्यासारखे बारीक टणत्कार. अशा वेळी सामान काढायला परत जाऊ नये. चार्जिंग सुरू असेल आणि एमसीबी गाडीपासून लांब असेल तरच तो पाडावा. धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असतात, म्हणून वारा जिकडून येतो त्या बाजूला, लांब जाऊन १०१ किंवा ११२ ला फोन करावा आणि 'इलेक्ट्रिक गाडी आहे' हे पहिल्या वाक्यात सांगावं. घरातला छोटा पावडरचा सिलिंडर सेलच्या आतली उष्णता थांबवू शकत नाही. ती फक्त भरपूर पाण्याने, खूप वेळ थंड करूनच शमते. विझलेली बॅटरी काही तासांनी किंवा दिवसांनीही पुन्हा पेटू शकते. म्हणून जळालेली किंवा पुरात बुडालेली गाडी इमारतीखालच्या पार्किंगमध्ये आणून ठेवू नये. उघड्यावर, घरांपासून आणि इतर वाहनांपासून निदान १५ मीटर लांब ठेवावी.