लिनक्सवर आवाज फाटतो, तो का?

‘लिनक्सवर आवाज फाटकाच येतो, गाणी ऐकायची तर विंडोजच हवं,’ हा समज जुना आहे. अनुभव खरा असतो, पण दोष बहुतेकदा सेटिंगचा निघतो. ब्लूटूथ हेडफोनचा माइक वापरात आला की हेडफोन कॉलच्या प्रोफाइलवर, म्हणजे फोनवर बोलण्यासाठीच्या मोडवर जातो. मग आवाज मोनो (दोन्ही कानांत एकच), अनेकदा ८ किंवा १६ किलोहर्ट्झचा, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. पावूकंट्रोल (लिनक्सवर आवाजाची सेटिंग बदलायचं अ‍ॅप) उघडा, कॉन्फिगरेशनमध्ये ए२डीपी (गाणी ऐकण्यासाठीचं स्टिरिओ प्रोफाइल) निवडा आणि तेच गाणं पुन्हा लावा. फरक लगेच कळतो.

वायरच्या स्पीकरला आधी आवाजाचा स्लायडर बघा. भुसावळच्या मे महिन्यात कूलरच्या घरघरीवर मात करायला मीही तो १५० टक्क्यांवर नेला होता! १०० च्या पुढे सिग्नलची टोकं कापली जातात, म्हणून खरखर. तो १०० वर आणा, स्पीकरचं बटण वाढवा.