परदेशी स्कूबा टाकी आणायची असेल तर: परवानगी, कागदपत्रं आणि मानेवरचे शिक्के

पैठणचा नाथसागर असो की नांदेडचा विष्णुपुरी प्रकल्प, बुडालेल्यांना शोधणाऱ्या पथकाला पाण्याखाली श्वास घ्यायला पाठीवरची हवेची टाकी, म्हणजेच स्कूबा टाकी लागते. दुबईत किंवा अमेरिकेत असलेला कुणी नातेवाईक ती पाठवायला तयारही असतो. पण ५०० मिलिलिटरहून मोठं धातूचं सिलिंडर गॅस सिलिंडर नियम, २०१६ खाली येतं, आणि स्कूबाची नेहमीची ॲल्युमिनियम टाकी ११ लिटरच्या आसपास असते. म्हणून टाकी तिकडून निघण्याआधीच ‘पेसो’ची, म्हणजे नागपूरला मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेची परवानगी घ्यावी लागते. मंजुरी नसलेली टाकी भारतात भरताही येत नाही.

अर्ज व्यक्ती, संस्था किंवा व्यापारी कुणीही करू शकतं. व्यापारासाठी आणणाऱ्याला आयात-निर्यात कोडही लागतो. अर्ज ऑनलाइन होतो, शुल्क भरावं लागतं. खरा कस लागतो तो कागदांवर: निर्मात्याचं चाचणी प्रमाणपत्र, तपासणी संस्थेचं प्रमाणपत्र, डिझाइनचं रेखाचित्र. प्रमाणपत्रातला अनुक्रमांक टाकीच्या मानेवर ठोकलेल्या क्रमांकाशी जुळलाच पाहिजे. जुन्या टाकीचे हे कागद बहुतेक वेळा कुणाकडेच नसतात, त्यामुळे स्वस्तातली जुनी टाकी घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

अमेरिकी टाकीवर ‘डीओटी-३एएल ३०००’ असं दिसेल. डीओटी म्हणजे अमेरिकेचा परिवहन विभाग. ३एएल म्हणजे ॲल्युमिनियम, ३एए म्हणजे पोलाद. ३००० हा पीएसआयमधला (दर चौरस इंचाला पौंड) दाब, सुमारे २०७ बार. ‘०४ए१९’सारखा शिक्का एप्रिल २०१९ च्या चाचणीचा, मधली खूण तपासणाऱ्याची. १९९० च्या आधीची ॲल्युमिनियम टाकी ६३५१ मिश्रधातूची असू शकते. त्या धातूला मानेपाशी तडे जातात, तेव्हा ती फुकट मिळाली तरी नको. युरोपी टाकीवर ‘पाय’ (π) हे ग्रीक चिन्ह, बारमधला दाब, लिटरमधली क्षमता आणि बऱ्याचदा ‘एम२५×२’ असा आट्याचा उल्लेख असतो.

या आट्यांकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. युरोपी एम२५×२ मध्ये दोन आट्यांतलं अंतर २ मिलिमीटर. एनपीएसएम या अमेरिकी पाऊण इंची आट्यात इंचाला १४ आटे, म्हणजे सुमारे १.८१ मिलिमीटर. एम२५ चा व्हॉल्व्ह अमेरिकी टाकीत काही फेरे फिरतो, घट्ट बसल्यासारखा वाटतो आणि भरताना दाब चढला की गोळीसारखा सुटतो. यात माणसं दगावली आहेत. पाऊण इंची ब्रिटिश आट्यालाही इंचाला १४ च आटे असतात, पण त्यांचा कोन ५५ अंशांचा, एनपीएसएमचा ६० अंशांचा. त्यामुळे ‘बसतंय ना’ हा पुरावा धरू नका; टाकी आणि व्हॉल्व्ह दोन्हींवरचे शिक्के वाचा, शंका असेल तर गेजने मोजून घ्या. वाळूज-चिकलठाण्याचे लेथवाले कुठलाही आटा काढून देतील इतके तयार आहेत, पण टाकीच्या मानेत नवा टॅप मारून, म्हणजे नवे आटे पाडून घेऊ नका. मान कमकुवत होते आणि मूळ प्रमाणपत्राला अर्थ राहत नाही.

व्हॉल्व्हही मंजूर प्रकारचाच लागतो. पैसे पाठवण्याआधी विक्रेत्याकडून मानेचा चारही बाजूंनी फोटो, व्हॉल्व्हवरच्या शिक्क्याचा फोटो आणि प्रमाणपत्राची प्रत मागवा. तीच अर्जाला जोडायची आहे.