पाच सेकंदांचं कोरं पान

लॅपटॉपवर कुठलीही नवी साइट उघडायला हटकून पाच सेकंद लागायचे. तीन नाही, आठ नाही, पाचच. तेवढा वेळ पडदा कोरा, आणि मग मजकूर, चित्रं, सगळं एकदम हजर. त्याच साइटवरचं दुसरं पान मात्र लगेच उघडायचं. स्पीड टेस्टचा आकडाही चांगला येत होता. मग सगळे करतात तेच मीही केलं, कॅशे साफ केला. त्यानंतर पानं आणखीच रेंगाळू लागली.

ब्राउझर मंदावला की कॅशे पुसायचा सल्ला हमखास मिळतो. मला तो पटत नाही. एकदा आणलेली चित्रं, फॉन्ट, स्क्रिप्ट पुन्हा आणायला लागू नयेत म्हणूनच तर ब्राउझर त्या कॅशेमध्ये साठवतो. पान मोडकंतोडकं किंवा जुनंच दिसत असेल तर कॅशे जरूर पुसावा. वेगासाठी मात्र हा पहिला उपाय नव्हे.

आधी बघायचं ते वेळ नेमका कुठे जातो हे, आणि ते ब्राउझर स्वतःच दाखवतो. एफ-१२ दाबा, नेटवर्क हा टॅब निवडा आणि त्याच खिडकीत एखादी नवी साइट उघडा. पानासाठी मागवलेल्या एकेका फाइलची ओळ खाली उमटत जाते आणि ओळीपुढे रंगीत पट्टी येते. पट्टी जितकी लांब, तितका वेळ जास्त. पहिल्याच ओळीवर क्लिक करून टायमिंग उघडलं, की त्या वेळेची फोड दिसते. माझ्याकडे तिथे डीएनएस लुकअपसमोर पाच सेकंदांहून थोडा जास्त आकडा होता. बाकी सगळं मिळून अर्धा सेकंदही नव्हतं.

डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा आकड्यांतला पत्ता, शोधून देणारी यंत्रणा. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी ती मांडली. पत्ता कळल्याशिवाय ब्राउझरला सर्व्हरकडे काही मागताच येत नाही. हे काम एरवी काही मिलिसेकंदांत उरकतं. माझ्या राउटरच्या सेटिंगमध्ये मात्र पहिला डीएनएस सर्व्हर बंद पडलेला होता. लॅपटॉपवर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम आहे, आणि लिनक्स अशा वेळी सहसा पाच सेकंद उत्तराची वाट बघून मगच दुसऱ्या सर्व्हरला विचारतं. दुसरं पान लगेच उघडायचं, कारण तोवर पत्ता माहीत झालेला आणि जोडणीही चालूच. कॅशे पुसल्यावर तर पानातल्या ज्या फाइल दुसऱ्या साइटवरून येतात त्यांचेही पत्ते नव्याने शोधावे लागले, आणि दर पत्त्यामागे पुन्हा तेच पाच सेकंद!

उशीर दर वेळी तेवढाच होत असेल, तर कुणीतरी मुदत संपायची वाट बघतंय, असा संशय आधी घ्यावा.

पत्ता सापडल्यावरही फेऱ्या असतातच. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे १० हजार किलोमीटरवरच्या सर्व्हरकडे जाऊन यायला किमान १०० मिलिसेकंद. जोडणीची एक फेरी, टीएलएस सुरक्षेची, म्हणजे संवाद कुलूपबंद करण्याची, एक (जुन्या पद्धतीत दोन), मग पानाच्या मागणीची. पहिलं अक्षर हाती येण्याआधीच ३०० मिलिसेकंद गेले! कितीही महागडा प्लॅन घेतला तरी हे अंतर कमी होत नाही, आणि स्पीड टेस्ट बहुधा जवळच्याच सर्व्हरवर होते.

सर्व्हरच्या उत्तराची वाट बघण्यात पट्टी लांबली असेल तर दोष त्या साइटचा. तुम्ही काही करू शकत नाही. डाउनलोडमध्ये लांबली तर राउटरजवळ जाऊन बघा, किंवा २.४ गिगाहर्ट्झऐवजी ५ गिगाहर्ट्झचं वायफाय लावा. ते लांब पोचत नाही, पण त्यावर गर्दी कमी असते.

पट्ट्या सगळ्या आखूड आणि तरी पान अडखळतंय? मग कॉम्प्युटरच थकलाय. तेच पान प्रायव्हेट विंडोत उघडा, तिथे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेले छोटे प्रोग्रॅम, सहसा बंद असतात. तिथे सुरळीत चाललं तर एक्स्टेन्शन एकेक करून बंद करत जा, गुन्हेगार सापडतो. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबलं की कुठला टॅब किती मेमरी खातोय तेही दिसतं.

राउटरमधला तो मेलेला डीएनएस पत्ता काढून टाकला आणि पुन्हा एफ-१२ दाबलं. पहिल्या ओळीची पट्टी इतकी आखूड झाली होती, की तिच्यावर नेमका माउस नेणंही अवघड जात होतं.