व्हेरीड डबा, व्हेरिएबल बटाटा

शिकायला घराबाहेर होतो तेव्हा दोन मेसचे डबे खाऊन झाले. पहिल्यात सोमवारी मटकी, मंगळवारी वांगं, बुधवारी दुधी; आठवड्यात तीच भाजी पुन्हा यायची नाही. दुसऱ्यात रोज बटाटा. पण आज तिखटजाळ, उद्या अळणी, परवा करपलेला. इंग्रजीत पहिला डबा ‘मोअर व्हेरीड’, दुसरा ‘मोअर व्हेरिएबल’.

आपण दोन्हींना ‘वेगवेगळं’ म्हणून मोकळे होतो आणि इंग्रजी लिहिताना तिथेच फसतो. ‘व्हेरीड’ म्हटलं की प्रकार किती, ते बघायचं. ‘व्हेरिएबल’ म्हटलं की तीच गोष्ट किती बदलते, ते. ‘लहरी पाऊस’ मधला लहरी इथे चपखल बसतो. त्यामुळे ‘व्हेरीड’मध्ये बहुतेक वेळा कौतुक असतं आणि ‘व्हेरिएबल’मध्ये, निदान रोजच्या बोलण्यात, कुरकुर. (‘व्हेरियस’ला या स्पर्धेत उतरवूच नका. ते ‘व्हेरियस रीझन्स’ असं अनेकवचनाआधी बसतं. ‘मोअर व्हेरियस’ आजच्या इंग्रजीत कानाला खटकतं.)

‘मोअर व्हेरिएबल’ म्हणजे ‘जास्त’ नव्हे, हेही नजरेतून सुटतं. एका फलंदाजाच्या धावा 48, 50, 52. दुसऱ्याच्या 0, 50, 100. सरासरी दोघांचीही 50. दुसरा ‘मोअर व्हेरिएबल’, पण त्यानं धावा काही जास्त केल्या नाहीत.

आता खरी मेख. ‘महाबळेश्वरपेक्षा सोलापूरचा पाऊस लहरी’ हे मराठीत खपून जातं. तेच शब्दशः ‘सोलापूर्स रेनफॉल इज मोअर व्हेरिएबल दॅन महाबळेश्वर’ असं लिहिलं, की पावसाची तुलना थेट गावाशी होते. शेवटी ‘दॅन महाबळेश्वर्स’ हवं, किंवा ‘दॅन दॅट ऑफ महाबळेश्वर’.

शिवाय लहरी कशाच्या मानानं? महाबळेश्वरला वर्षाला सरासरी 5,000 मिलिमीटरच्या वर पाऊस, सोलापूरला 600च्या आसपास. महाबळेश्वरला 300 मिलिमीटर कमी पडला तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. सोलापूरला तेवढाच कमी पडला तर निम्मा पाऊस गेला. मिलिमीटर मोजाल तर महाबळेश्वरचे आकडेही बरेच खालीवर होतात. म्हणून अशा वाक्यात ‘रिलेटिव्ह टू इट्स अ‍ॅव्हरेज’ एवढं जोडावं, म्हणजे सोलापूरचं पारडं का जड, ते वाचणाऱ्याला कळतं.