सिस्टीम नव्या एसएसडीवर नेताना अडतं कुठे?

हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली, चिपांची बनलेली वेगवान ड्राइव्ह, बसवायला चार स्क्रू फिरवले की पुरतं. खरी ओढाताण जुनी सिस्टीम, म्हणजे विंडोज आणि बाकी सगळं, तिच्यावर नेताना होते. सगळ्या फायली जशाच्या तशा कॉपी केल्या तरी कॉम्प्युटर त्या ड्राइव्हवरून सुरू होत नाही, आणि याचं मूळ थेट विंडोजच्या आधीच्या डॉस या सिस्टीमच्या काळात आहे.

डिस्क ५१२ बाइटांच्या तुकड्यांत, म्हणजे सेक्टरांत, वाटलेली असे. पहिल्या सेक्टरमध्ये, म्हणजे बूट सेक्टरमध्ये, सिस्टीम सुरू करणारा एक चिमुकला प्रोग्राम असे. त्यात फाइल शोधण्याची फारशी सोय नसे. सुरुवातीच्या आवृत्त्यांत तर सिस्टीमच्या फायली ठरलेल्या जागी, यादीत सर्वांत आधी असतील, असं तो धरूनच चाले. त्यामुळे साधी कॉपी कामाची नव्हती. सिस्टीमच्या फायली योग्य जागी बसवणारी 'सिस' ही वेगळी कमांड द्यावी लागे. फायलीइतकीच तिची जागाही महत्त्वाची, हा पेच तेव्हापासूनचा.

मग जागेसकटच सगळं उचललं तर? १९९०च्या दशकाच्या मध्यावर न्यूझीलंडमधल्या ऑकलंडमध्ये मरे हॅझर्ड यांनी अख्ख्या डिस्कची नक्कल दुसरीवर उतरवणारं 'घोस्ट' हे सॉफ्टवेअर तयार केलं. १९९८ मध्ये सिमँटेक या सॉफ्टवेअर कंपनीनं ते विकत घेतलं. एक मशीन नीट लावायचं आणि बाकीच्यांवर घोस्ट मारायचा, ही लॅबमधली रीतच होऊन बसली.

एसएसडी ज्या मेमरीची बनते ती, तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांची नँड फ्लॅश, १९८७ पासून माहीत होती, पण घरगुती कॉम्प्युटरमध्ये एसएसडीला खरी चालना मिळाली २००८ मध्ये, इंटेलच्या एक्स२५-एम या ८० जीबीच्या ड्राइव्हनं. तेव्हा साध्या हार्ड डिस्कही याच्या कित्येक पट मोठ्या होत्या. मोठ्या ड्राइव्हवरून छोट्या ड्राइव्हवर जायचं, म्हणजे सेक्टरमागून सेक्टर उतरवण्याचा सरळ मार्ग बंद! आधी पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा आखलेला भाग, आक्रसून फक्त भरलेला भाग न्यावा लागे.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नसे, आणि मला तीच अधिक महत्त्वाची वाटते. विंडोज एक्सपी पहिलं पार्टिशन ६३व्या सेक्टरपासून सुरू करी; जुन्या डिस्कच्या एका ट्रॅकवर, म्हणजे एका वर्तुळाकार पट्ट्यावर, ६३ सेक्टर मोजण्याची पद्धत होती म्हणून. ६३ गुणिले ५१२ म्हणजे साडेएकतीस केबी. फ्लॅशचं पान, म्हणजे ती एका वेळी लिहिते तो तुकडा, ४ केबीचं धरलं तर या आकड्याला ४ नं नि:शेष भाग जात नाही. परिणामी ४ केबीचा प्रत्येक तुकडा दोन पानांवर सांडे: लेखन मंद, झीज जास्त. क्लोन केलेली, म्हणजे हुबेहूब नक्कल केलेली, सिस्टीम व्यवस्थित सुरू होई, पण हा दोषही इमानानं सोबत येई. व्हिस्टापासून पार्टिशन १ एमबीवर सुरू होऊ लागलं. पाठोपाठ २००९च्या विंडोज ७ मध्ये, पुसलेल्या जागा ड्राइव्हला कळवणारी 'ट्रिम' आज्ञाही आली.

कॉम्प्युटर चालू होताच सर्वांत आधी धावणाऱ्या यूईएफआय या नव्या प्रोग्रामनं बूट सेक्टरची ती सक्ती संपवली. आता बूट लोडर, म्हणजे सिस्टीम सुरू करणारा प्रोग्राम, ही एका छोट्या, वेगळ्या ईएफआय पार्टिशनमधली साधी फाइल असते. म्हणूनच नुसतं 'सी' पार्टिशन उचललं तर नवी ड्राइव्ह मुकीच राहते; ते छोटं पार्टिशनही न्यावंच लागतं. शिवाय प्रत्येक ड्राइव्हला आणि पार्टिशनला स्वतःचा ओळखक्रमांक असतो आणि क्लोनमध्ये तोही जसाच्या तसा उतरू शकतो. दोन्ही ड्राइव्ह जोडलेल्या असल्या तर विंडोज त्यातली एक ऑफलाइन ठेवतं, किंवा कॉम्प्युटर गुपचूप जुन्यावरूनच सुरू होतो. त्यामुळे क्लोननंतर पहिल्यांदा चालू करताना जुनी ड्राइव्ह काढून ठेवावी, आणि नवी चार दिवस नीट चालेपर्यंत जुन्या ड्राइव्हवरचं काही पुसू नये.