तीन की सात?

१९६३च्या फेब्रुवारीत अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यात फक्त चाराचा फरक उरला होता. अणुचाचण्या सगळीकडे बंद करायच्या, हवेत, पाण्यात, अवकाशात आणि जमिनीखालीही, हे तत्त्वतः दोघांना मान्य होतं. संशय आला तर वर्षातून किती वेळा एकमेकांच्या देशात जाऊन जागेवर तपासणी करायची, यावर घोडं अडलं होतं. सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह म्हणत होते तीन वेळा. अमेरिका आठ-दहावरून खाली येत सातावर थांबली होती. दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींच्या आदल्या वर्षीच्या बोलण्यात काहीतरी गैरसमज झाला होता. तीन तपासण्या अमेरिकेला पुरतील असा ख्रुश्चेव्ह यांचा समज झाला, तेवढ्यासाठी त्यांनी आपल्या सहकाऱ्यांची मनधरणी केली, आणि मग समोरून सात ऐकल्यावर त्यांना ती फसवणूक वाटली.

५ ऑगस्टला मॉस्कोत करारावर सह्या झाल्या, पण जमिनीखालच्या चाचण्या वगळून. त्या एका फटीतून पुढच्या साडेतीन दशकांत हजाराहून किती तरी जास्त अणुस्फोट झाले. राजकीय अविश्वास त्यामागे होताच, पण तीन आणि सात हे आकडे आले होते एका वैज्ञानिक प्रश्नातून. हजारो किलोमीटरवर जमीन हलली, तर ती भूकंपाने हलली की बॉम्बने, हे बसल्या जागी कसं ओळखायचं?

चाचण्या थांबवण्याची मागणी त्याआधी नऊ वर्षांची होती. १ मार्च १९५४ रोजी पॅसिफिक महासागरातल्या बिकिनी बेटावर अमेरिकेने हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. सहा मेगाटनांच्या (एक मेगाटन म्हणजे दहा लाख टन टीएनटी या स्फोटकाइतकी ताकद) आसपास स्फोट होईल असा अंदाज होता, झाला पंधरा मेगाटनांचा. दूर समुद्रात मासेमारी करणाऱ्या एका जपानी बोटीवर किरणोत्सारी राख पडली, बोटीवरचे तेवीसही जण आजारी पडले आणि त्यांतला एक सप्टेंबरात दगावला. २ एप्रिलला पंडित नेहरूंनी लोकसभेत सांगितलं, की निःशस्त्रीकरण होईल तेव्हा होईल, तोपर्यंत निदान चाचण्या तरी थांबवा. एका देशाच्या प्रमुखाने असं जाहीरपणे मागण्याची ही पहिलीच वेळ.

हवेतला स्फोट लपत नाही. त्याची किरणोत्सारी धूळ वाऱ्याबरोबर देशोदेशी जाते आणि विमानात लावलेल्या गाळणीत सापडते. जमिनीखालच्या स्फोटाचं काय, हे कोणालाच नीट ठाऊक नव्हतं. १९ सप्टेंबर १९५७ रोजी अमेरिकेने नेवाडात डोंगराच्या पोटात 'रेनियर' नावाचा १.७ किलोटनांचा (किलोटन म्हणजे हजार टन) बॉम्ब फोडला. हा स्फोट चारशे किलोमीटरच्या पलीकडे कुठेच नोंदला गेला नाही, असं तिथल्या अणुऊर्जा आयोगाने नंतर सांगितलं. याचा अर्थ चाचणीबंदीवर लक्ष ठेवणं अशक्य! आय. एफ. स्टोन या पत्रकाराला हे पटलं नाही. त्याने सरकारी भूकंपतज्ज्ञांकडे चौकशी केली, तेव्हा कळलं की सुमारे ३७०० किलोमीटरवरच्या अलास्कातल्या केंद्रानेही तो स्फोट टिपला होता. आयोगाला आपलं विधान मागे घ्यावं लागलं. करार होऊच नये असं वाटणाऱ्यांसाठी 'मोजता येत नाही' हा किती सोयीचा युक्तिवाद होता, ते यातून दिसतं.

१९५८च्या उन्हाळ्यात दोन्ही गटांचे शास्त्रज्ञ जिनिव्हात जमले. त्यांच्यापुढचं कोडं समजून घेण्यासारखं आहे.

स्फोट म्हणजे एका बिंदूपासून चहूकडे बाहेर ढकलणं. त्यामुळे जगातल्या कुठल्याही केंद्रावर पोहोचणारा पहिला धक्का ढकलण्याचाच असायला हवा. भूकंपात मात्र खडकाच्या भेगेच्या दोन बाजू एकमेकींना घासून सरकतात. पुढच्या बाजूला ढकललं जातं, तर मागच्या बाजूला ओढलं जातं. म्हणून काही केंद्रांवर पहिली रेघ वर जाते आणि काहींवर खाली. कागदावर ही कसोटी अगदी चोख आहे. पण लहान स्फोटाचा पहिला धक्का इतका क्षीण असतो, की किनाऱ्यावर आदळणाऱ्या लाटा, वारा आणि रहदारी यांच्या सततच्या थरथरीत तो बुडून जातो.

त्याहून भरवशाची खूण पुढे हाती आली. भूकंपात भेग लांबवर आणि काही सेकंद सरकत राहते, त्यामुळे जमिनीच्या पृष्ठभागावरून लोळत जाणाऱ्या संथ, लांब लहरी भरपूर निघतात. स्फोट छोट्या जागेत क्षणात आटोपतो, त्याच्या लांब लहरी तुलनेने अशक्त असतात. दोन्ही प्रकारच्या लहरींची तीव्रता मोजून गुणोत्तर काढलं, की भूकंप एका बाजूला आणि स्फोट दुसऱ्या बाजूला पडतात. शिवाय खोली ही एक खूण आहेच. माणसाने खोदलेलं सर्वांत खोल छिद्र बारा किलोमीटरांच्या थोडं पुढे जातं, तेव्हा तीस किलोमीटर खोलवरून आलेला धक्का बॉम्बचा असूच शकत नाही.

जिनिव्हातल्या शास्त्रज्ञांनी सुचवलं, की जगभर १६० ते १७० जमिनीवरची केंद्रं आणि काही जहाजं ठेवली तर पाच किलोटनांपर्यंतचे स्फोट बऱ्यापैकी ओळखता येतील. सह्या होतील असं वाटत असतानाच १९५८च्या शरद ऋतूतल्या नेवाडाच्या नव्या चाचण्यांनी हिशेब बिघडवला. ठरावीक आकाराच्या बॉम्बने होणारा हादरा आधी मानला होता त्यापेक्षा लहान निघाला. तीव्रतेचा आकडा एकाने खाली उतरला, की त्या तीव्रतेचे भूकंप साधारण दहापट होतात. म्हणजे बॉम्बसारखे दिसणारे संशयास्पद भूकंपही वाढले, आणि जाऊन पाहण्याच्या जागाही. वर्षाला किती तपासण्या, या प्रश्नाचं मूळ या मोजणीत होतं.

त्यात १९५९ साली अल्बर्ट लॅटर या अमेरिकी शास्त्रज्ञाने आणखी एक शंका काढली. बॉम्ब खडकात घट्ट न पुरता मोठ्या पोकळीत फोडला तर? वायूंना पसरायला जागा मिळते, भिंतींवरचा दाब खडक चुरडण्याइतका राहत नाही, आणि बाहेर जाणारा हादरा फार मंदावतो. मिसिसिपीतल्या मिठाच्या खडकात हे नंतर करून पाहिलं. १९६४मध्ये ५.३ किलोटनांचा बॉम्ब फोडून पोकळी तयार केली आणि १९६६मध्ये तिच्यातच लहान बॉम्ब फोडला. हादरा सुमारे सत्तरपट कमी भरला. शंका खरी होती. मात्र मोठ्या बॉम्बसाठी लागणारी अवाढव्य पोकळी कोणाच्या नजरेस न पडता खोदणं हे वेगळंच संकट आहे, आणि वाटाघाटींच्या काळात ही बाजू मला फार कमी लोकांनी लावून धरलेली दिसते.

करार अर्धा राहिला, पण त्याच्या निमित्ताने अमेरिकेने भूकंपशास्त्रात ओतलेला पैसा वाया गेला नाही. साठच्या दशकात साठेक देशांत सुमारे १२० केंद्रं उभी राहिली, सगळीकडे एकाच बनावटीची यंत्रं आणि घड्याळं. त्यांतलं एक पुण्यात होतं. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेची जमीन फाटली, तेव्हा ती भेग नेमकी कशी सरकली हे अभ्यासकांनी या जाळ्यातल्या दूरदूरच्या केंद्रांच्या नोंदींवरून ताडून पाहिलं. ढकललं की ओढलं, हीच कसोटी लावून लिन साइक्स या तरुण भूकंपशास्त्रज्ञाने त्याच वर्षी समुद्रतळावरच्या भेगांची दिशा सिद्ध केली, आणि भूपट्ट सरकतात या कल्पनेला भक्कम आधार मिळाला.

साइक्स यांचं नाव पुढे पुन्हा येतं. १९७४ साली १५० किलोटनांपेक्षा मोठ्या भूमिगत चाचण्यांवर बंदी घालणारा करार झाला, त्याच्या मॉस्कोतल्या बोलण्यांत ते अमेरिकेच्या बाजूने होते. काही वर्षांतच अमेरिकेत आरोप सुरू झाले, की रशियन लबाडी करतात, मर्यादा ओलांडतात. आकडे तसंच सांगत होते. पण हे आकडे काढायचं सूत्र नेवाडाच्या जमिनीवर बेतलेलं होतं. नेवाडाखालचा थर तापलेला आणि मऊ आहे, लहरींची बरीच ऊर्जा तो गिळून टाकतो. कझाकस्तानातल्या सेमिपलातिन्स्क या सोव्हिएत चाचणीक्षेत्राखाली जुना, थंड, टणक खडक आहे, तिथून लहरी जवळपास न दमता बाहेर पडतात. त्याच बॉम्बचा तिथला हादरा मोठा दिसतो, आणि नेवाडाचं सूत्र लावलं तर स्फोट दुपटीहून मोठा भासतो. साइक्स आणि त्यांचे सहकारी हे वर्षानुवर्षं सांगत होते. खडकाच्या स्वभावापायी एका देशावर करारभंगाचा आळ येत होता, आणि त्या आळाचा आधार घेऊन पुढचे करार रोखले जात होते, हे वाचताना आजही राग येतो.

कोंडी फुटली ती सरकारांबाहेर. १९८६च्या मेमध्ये अमेरिकेतली एक पर्यावरण संस्था आणि सोव्हिएत विज्ञान अकादमी यांनी आपसांत समझोता केला आणि जुलैत अमेरिकी शास्त्रज्ञ यंत्रं घेऊन कझाकस्तानातल्या कारकारालिन्स्कला पोहोचले, चाचणीक्षेत्रापासून सुमारे दोनशे किलोमीटरवर. एके काळी तीन की सात यावर अडलेल्या देशात परके भूकंपमापक जमिनीत रोवले गेले. दोन वर्षांनी सरकारांनीही पाऊल टाकलं. १७ ऑगस्ट १९८८ रोजी नेवाडातल्या स्फोटाजवळ रशियन शास्त्रज्ञ होते, १४ सप्टेंबरला सेमिपलातिन्स्कमध्ये अमेरिकी. बॉम्बच्या शेजारच्या विवरात केबल सोडलेली होती. धक्क्याची लाट पुढे सरकते तशी केबल चिरडत जाते, आणि ती किती वेगाने आखूड झाली त्यावरून स्फोटाची ताकद कळते. भूकंपशास्त्रज्ञांचा हिशेब बरोबर होता हे त्यातून स्पष्ट झालं. १९७४चा करार अखेर १९९०च्या डिसेंबरात अमलात आला.

१९९६ साली सर्वंकष चाचणीबंदीचा मसुदा तयार झाला. अण्वस्त्रधारी देश आपली शस्त्रं कधी संपवणार याची कालमर्यादा त्यात नाही, म्हणून भारताने सही नाकारली. करार लागू होण्यासाठी नावानिशी नोंदवलेल्या ४४ देशांची मान्यता लागते, आणि त्यांत भारत, पाकिस्तान, उत्तर कोरिया, अमेरिका आणि चीन यांच्यासह काही देशांची अजून मिळालेली नाही. रशियाने तर दिलेली मान्यता २०२३च्या नोव्हेंबरात काढून घेतली, पण आपल्या केंद्रांच्या नोंदी पाठवत राहू असं सांगितलं.

या करारावर लक्ष ठेवण्यासाठी व्हिएन्नाहून चालणाऱ्या जाळ्यात ३३७ केंद्रं आणि प्रयोगशाळांची योजना आहे. भूकंपमापकांच्या जोडीला समुद्रातले ध्वनिग्राहक, हवेतले अतिमंद ध्वनी ऐकणारी यंत्रं आणि किरणोत्सार पकडणाऱ्या गाळण्या त्यात येतात. ९ ऑक्टोबर २००६ रोजी उत्तर कोरियाचा पहिला स्फोट एक किलोटनाहून लहान होता, तरी जगभरच्या वीसहून अधिक केंद्रांनी तो टिपला. दोनेक आठवड्यांनी कॅनडातल्या यलोनाइफला, सात हजार किलोमीटरहून दूर, हवेत अणुस्फोटातून निघणाऱ्या किरणोत्सारी झेनॉन वायूचा माग लागला.

जागेवर जाऊन तपासणीची तरतूदही या करारात आहे. १००० चौरस किलोमीटरपर्यंतचा प्रदेश धुंडाळता येतो, त्यासाठी कार्यकारी परिषदेच्या ५१पैकी ३० देशांची मतं लागतात. करार लागू नसल्यामुळे असं पथक खऱ्या संशयावर आजवर एकदाही निघालेलं नाही. त्यांची रंगीत तालीम मात्र होते. २००८ साली ती सेमिपलातिन्स्कच्या बंद पडलेल्या चाचणीक्षेत्रात झाली. २०१४ साली मृत समुद्राजवळ जॉर्डनच्या उघड्या डोंगरांत पाच आठवडे तपासनीस भूकंपमापक रोवत, मातीचे नमुने घेत, एका काल्पनिक देशातला काल्पनिक बॉम्ब शोधत होते.